निळा, पिवळा आणि म्हातारा

"अगं उतर! फळी सरकेल, फळी!" बाबा स्टुलावरून ओरडले, पण ऐकेल ती धाकटी कसली.

ट्रकच्या मागून अंगणात दोन लोखंडी फळ्या टेकवल्या होत्या आणि वर दोन कोरे करकरीत ट्रॅक्टर उभे होते. एक पिवळा, अंगापिंडानं भरलेला, तोंडापुढे खडी-माती उचलायची रुंद बकेट. दुसरा निळा, एवढासा, पिवळ्यानं कडेवर घेऊन फिरवावा असा. दोघांच्याही पोटाखाली गवत कापायची पाती. ते घेऊन आलेल्या दुकानाच्या माणसानं गळ्यात टाय घातला होता. भर उन्हात, चिखलामातीच्या जागी, टाय! साहजिकच तिथल्या तिथे त्याचं नाव 'टायवाले' पडलं. टायवाल्यांनी "आधी मी नीट समजावून सांगतो हं" म्हणून घसा खाकरला, आणि तो खाकरून होईपर्यंत धाकटी निळ्यावर चढून बसलीसुद्धा. तिनं मान मागे वळवली, एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि तो ट्रॅक्टर उलटा, त्या अरुंद फळ्यांवरून, लोण्यातून सुरी फिरावी तसा खाली उतरवला.

"वा!" बाबा म्हणाले.

शेडच्या दारात थोरली ग्रीसची पिचकारी हातात धरून उभी होती. तिनं ते ऐकलं. इतकी वर्षं ती या जागेवर ट्रॅक्टर चालवत होती. तिनं मुळासकट खुंट उपटले होते, वाहून गेलेला रस्ता पुन्हा बांधला होता, वादळात आडवं झालेलं झाड एकटीनं ओढून बाजूला केलं होतं. आणि बाबा काय म्हणायचे? "हं." काम चांगलं झालं तर "हं", बिघडलं तर जरा लांबवून "हंऽऽ". बाबांना 'वा' असा शब्द येतो, हेच तिला आज कळत होतं.

"बघितलंस का गं ताई?" धाकटी खाली उडी मारत म्हणाली. "याला गिअरच नाहीत! पायानं पुढे दाबलं की पुढे, मागे दाबलं की मागे. आमच्या गोदामातल्या गाडीसारखंच अगदी!"

"बघितलं," थोरली म्हणाली आणि ग्रीस मारलेल्या जागीच पुन्हा ग्रीस मारायला लागली.

धाकटी शहरात एका मोठ्या गोदामात माल उचलायची गाडी चालवायची. ते गोदाम बंद पडलं आणि गेल्या महिन्यात ती दोन बॅगा आणि नेहमीचं ते खिदळणं घेऊन घरी परत आली. कायमची. घरात अचानक इतका आवाज झाला की बाबांचे दुखरे गुडघेही दुखायचे विसरले असावेत. पूर्वी जेवताना ताटाचा आवाज ऐकू यायचा. आता बाबांचं हसणं ऐकू यायचं. थोरलीला बहीण परत आल्याचा आनंद झाला होता. खरंच झाला होता. फक्त तो पहिल्या आठवड्यात संपला.

जागा तशी आटोपशीर. घराच्या बाजूनं खाली तळ्यापर्यंत लिंबोणीची बाग, मागे गवताचा उतार, उताराच्या पायथ्याशी तळं, आणि फाटकापासून घरापर्यंत खडीचा रस्ता. या सगळ्याला पुरून उरलेला जुना ट्रॅक्टर म्हणजे 'म्हातारा'. बाबांचे गुडघे गेले तेव्हा थोरली त्याच्यावर बसली ती बसलीच. त्याची सीट बाबांच्या उंचीला गंजून घट्ट झाली होती, म्हणून तिनं पाठीमागे घडी केलेलं पोतं कोंबलं आणि पाय ताणून क्लच दाबायला शिकली. पण आता म्हातारा आठवड्यातून दोनदा बसकण मारायचा, त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते, आणि टायवाले तो बदल्यात घ्यायला तयार होते.

"दोन्ही दोन दिवस ठेवून घ्या," टायवाले म्हणाले. "वापरून बघा. परवा सकाळी मी येतो. जो नको तो परत नेतो, आणि जुनाही नेतो."

"ट्रॅक्टर एकच घ्यायचाय," बाबांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "दोघी चालवा, आणि मला एक नाव सांगा. भांडून नाही, ठरवून."

"आम्ही कधी भांडतो?" धाकटीनं डोळे मोठे केले.

थोरलीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ट्रॅक्टर निळा असो नाहीतर पिवळा, त्याला सीट एकच असते. जिची निवड चालेल ती तिथे बसेल. जिची चालणार नाही ती मागून दाताळं घेऊन चालेल, गवत गोळा करत. या घरात ती एकच गोष्ट छातीवर हात ठेवून 'माझी' म्हणू शकत होती, आणि ती होती ती सीट.

तिनं पिवळा घेतला.

तसा घेण्यासारखा होताच तो. गिअर होते, क्लच होता, सगळं ओळखीचं. खडीच्या ढिगात बकेट घातली, उचलली, रस्त्यावरच्या खड्ड्यात ओतली. घमेल्यानं जे काम करताना कंबरेचे तुकडे पडायचे ते चहा निवायच्या आत उरकलं. थोरली सुखावली. बाबा बघतायत का म्हणून तिनं हळूच वळून बघितलं. बाबा बघत होते, पण बागेकडे.

बागेत धाकटीचा निळा लिंबोणीच्या रांगांमधून मांजरासारखा फिरत होता. फांद्यांखालून वाकून जात होता, बुंध्याला वळसा घालत होता, जागच्या जागी फिरत होता. थोरलीनं म्हाताऱ्यावर बसून या बागेतलं गवत कापलं की तिचे दोन्ही हात काट्यांनी ओरबाडून निघायचे. बाहीखाली आजही जुन्या ओरखड्यांचं जाळं होतं. धाकटी बाहेर आली ती केसात एक लिंबोणीचं पान माळून.

"एक ओरखडा नाही, बाबा! हे बघा हात!"

"वा!" बाबा म्हणाले. दुसऱ्यांदा.

मग थोरलीनंही पिवळा बागेत घातला. पहिल्याच झाडाशी त्याच्या डोक्यावरची लोखंडी कमान फांदीत अडकली, फांदी ताणली गेली आणि सुटून सपकन तिच्या कानावर बसली. लिंबांचा पाऊस पडला तो वेगळाच.

"सरबताची सोय झाली," बाबा म्हणाले. धाकटी हसून हसून बांधावर बसली. थोरलीही हसली, पण दातानं.

जेवताना वाद जुंपला.

"खडी महत्त्वाची," थोरली म्हणाली. "रस्ता वाहून गेला की घरात सामान कसं येणार?"

"रस्ता वर्षातून दोनदा वाहून जातो ताई. गवत रोज वाढतं."

"निळ्याला बकेट नाही."

"पिवळ्याला बाग नाही."

"चार फांद्या छाटल्या की जातो तो आत."

"ट्रॅक्टरसाठी झाडं छाटायची? मग आपण पायांसाठी चप्पल घेतो की चपलेसाठी पाय कापतो?"

बाबांना ठसका लागला. हसताना लागला, हे थोरलीला स्पष्ट दिसलं. तिनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला, जरा जोरात. निम्मं पाणी सांडलं.

दुपारी बाबा आडवे झाले, धाकटी पुस्तक तोंडावर घेऊन झोपली. थोरली शेडमध्ये गेली. कुणी बघत नाही याची खात्री करून निळ्यावर बसली. नुसतं बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. शेडमागच्या गवतात तिनं तो हळूच पुढे घेतला. तिचा डावा पाय क्लच शोधत राहिला, क्लच नव्हताच. आयुष्यभर जे पाय शिकले होते त्यातलं निम्मं इथे कुणालाच नको होतं. पण मग तो पायाच्या नुसत्या दाबानं पुढे गेला, मागे आला, भिंतीला नाक लावून वळला, आणि त्याचा आवाज इतका मऊ होता की तिला पाखरं ऐकू आली. ट्रॅक्टरवर बसून पाखरं! दोन फेऱ्या मारून ती उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लहान पोरीसारखं हसू होतं.

मग ते विरलं. तिला निळा आवडला होता. नुसता आवडला नव्हता, जीव जडला होता. आणि 'निळा' हा तर धाकटीचा शब्द होता. आता 'निळा' म्हणायचं म्हणजे धाकटीच्या 'हो' ला 'हो' म्हणायचं, आणि बाबांच्या तिसऱ्या 'वा' ला स्वतःच्या हातानं दार उघडून द्यायचं.

"कुठे होतीस?" धाकटीनं जांभई देत विचारलं.

"पिवळ्याचं तेल बघत होते," थोरली म्हणाली. "भारी आहे पिवळा."

रात्रीच्या जेवणापर्यंत ती पिवळ्याचे इतके गोडवे गात राहिली की टायवाल्यांनी तिला नोकरीच दिली असती. पण प्रत्येक कौतुकाबरोबर तिला शेडमागची ती पाखरं ऐकू यायची, आणि धाकटीचा राग जास्तच यायचा. आपल्याला जे हवं ते बहिणीनं आधी हातात घेतलं की असंच होतं. ते मागताही येत नाही आणि टाकताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली भाजी चिरत होती. धाकटी दारातून डोकावली, डोक्याला रुमाल बांधून तयार.

"ताई, बाग झाली, उतार झाला. ती तळ्याकडची पट्टी राहिलीय. जाऊ का तिकडे गाडी घेऊन?"

थोरलीची सुरी थांबली.

तळ्याच्या काठाला लागून गवताची एक लांब पट्टी होती. दिसायला सगळ्या जागेत सुंदर. हिरवीगार, सपाट, कुणीही भुलावं अशी. पण धाकटी शहरात गेल्यानंतर केव्हातरी तळ्याचा काठ आतून झिरपायला लागला होता. वरून गवत आणि खाली नुसता गारा. एका वर्षी म्हातारा तिथे पोटापर्यंत रुतला होता. तेव्हापासून थोरली ती पट्टी विळ्यानं कापायची, अनवाणी, एकेक पाऊल चाचपत. हे धाकटीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"जा की," थोरली म्हणाली.

धाकटी शीळ घालत गेली. निळ्याचा आवाज सुरू झाला, उतारावरून खाली जात बारीक झाला. थोरली भाजी चिरत राहिली. रुतू दे. चांगला चाकांच्या आसापर्यंत रुतू दे. मग बोलावू दे मला. मग मी म्हाताऱ्यावर बसून जाईन, साखळी लावीन, ओढून काढीन, आणि बाबा स्टुलावरून बघतील. अगं, ज्याला जागा कळत नाही त्यानं गाडीचं कौतुक सांगू नये, असं म्हणीन. छे, काहीच म्हणणार नाही. नुसती साखळी गुंडाळीन. तेच जास्त लागेल. तिनं हे सगळं इतकं रंगवून बघितलं की भाजी पार बारीक झाली.

आणि मग खालून येणारा आवाज थांबला.

थोरलीनं कान दिला. काहीच नाही. रुतला, तिला वाटलं. पण त्या विचाराच्या पाठोपाठ दुसरा आला, आणि तो आधी का आला नाही हे तिला पुढे कधीच समजलं नाही. पट्टीला लागून तळं होतं. जमीन एका बाजूनं खचली तर ट्रॅक्टर जागच्या जागी रुतत नाही, कलंडतो. तो तळ्याकडे कलंडेल. आणि धाकटीला पोहता येत नव्हतं.

सुरी कुठे पडली ते तिनं बघितलं नाही. ती धावली. एक चप्पल शेडपाशी गेली, दुसरी उतारावर. लिंबोणीच्या शेवटच्या रांगेतून ती काटे ओरबाडून घेत बाहेर पडली.

निळा पट्टीच्या ऐन मध्यावर उभा होता. सरळ. कोरडा. धाकटी सीटवर बसून रुमालानं घाम पुसत होती, आणि पुसून झाल्यावर तिनं तो पुन्हा सुरू करून पायानं दाबलं. तो एवढासा, हलका, पसरट चाकांचा ट्रॅक्टर गवतावरून असा तरंगत गेला की मागे चाकाचा ठसासुद्धा धड उठला नाही.

थोरलीचा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार वेळ राहिला नाही. अंगभर काटे रुतले होते, आणि तेवढ्यात तिला वाटून गेलं, मेला रुतलाही नाही!

"काय गं, अशी काय धावत आलीस?" धाकटीनं विचारलं. "पायात काही नाही तुझ्या!"

"सहज," थोरली म्हणाली.

मागून काठी टेकत बाबा आले. पट्टी एका टोकापासून अर्ध्यापर्यंत कापलेली बघून ते थबकले. "ही गाडीनं कापलीस? थोरली तर विळ्यानं कापते."

"विळ्यानं? एवढं सगळं? का गं ताई?"

"सवय," थोरली म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग पट्टीकडे वळून ते पुटपुटले, "कमालच आहे म्हणायची या निळ्याची."

त्या पुटपुटण्यानं घात केला. यंदा पाऊस कमी होता, जमीन सुकली असेल, असं थोरलीनं स्वतःला पटवलं. खरं तर पटवलंही नाही. पाय वर शेडकडे गेले, पिवळा सुरू झाला आणि ती उतारावरून खाली आली तेव्हा तिची हनुवटी वर होती. बकेटमध्ये कालची उरलेली खडी तशीच होती, तीही ती ओतायला विसरली.

"राहिलेली मी करते," ती ओरडली. "जड गाडीनं एका फेरीत होतं!"

बाबांनी काठी उचलली. "थोरले, अगं..."

फेरी झालीच नाही. पिवळ्याची पुढची चाकं पट्टीवर गेली, गवत फाटलं, आणि तो भलामोठा ट्रॅक्टर नमस्कार करायला वाकावा तसा सावकाश वाकला. बकेट चिखलात गेली. थोरलीनं गिअर टाकला. मागची चाकं भणाणली आणि काळा गारा उडून तिघांवर सारखा बरसला. मग इंजिन बंद पडलं. तळ्यातला एक बेडूक तेवढा बोलला.

कुणीच हसलं नाही. धाकटीसुद्धा. ती गाऱ्यात उभी राहून आधी रुतलेल्या चाकाकडे बघत होती, मग स्वतःच्या कोरड्या चाकोरीकडे, मग दोन हातांवर असलेल्या पाण्याकडे. थोरलीला तो हिशेब तिच्या चेहऱ्यावर चढताना दिसला.

"म्हणून विळ्यानं कापतेस," धाकटी म्हणाली.

"हो."

"सकाळी मी विचारलं तेव्हा माहीत होतं तुला."

"हो."

"मला पोहता येत नाही, ताई." तिच्या आवाजात राग नव्हता. रोजची एखादी बातमी सांगावी तसं ती म्हणाली. "अजूनही येत नाही."

"माहितीये," थोरली म्हणाली.

बाबा काठीवर भार देऊन बाजूला तळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हाताऱ्याला आणा. संध्याकाळपर्यंत हा अजून खाली जाईल."

थोरलीनं म्हातारा आणला. पट्टीच्या बाहेर, कडक जमिनीवर उभा केला. साखळी पिवळ्याच्या मागच्या बाजूला अडकवली. पण नुसतं ओढून भागेना. म्हातारा खोकत होता, पिवळ्याचं नाक चिखलात घट्ट होतं. तेव्हा धाकटी पिवळ्यावर चढली, तिनं बकेटमधली खडी चाकांपुढे ओतली, मग त्या खडीवर रिकामी बकेट खाली दाबली. जमिनीवर हात टेकून माणूस उठतो तसा पिवळा बकेटवर रेलून पुढून उचलला गेला. असं करता येतं, हे थोरलीला ठाऊक नव्हतं.

"ओढ," धाकटी म्हणाली.

थोरलीनं क्लच सोडला. म्हाताऱ्यानं काळा धूर टाकला, साखळी ताठ झाली.

"थांब. परत. ओढ."

"स्टिअरिंग सरळ धर!"

"धरलंय. ओढ."

त्या दिवशी पुढे दोघींमध्ये एवढंच बोलणं झालं. पिवळा बाहेर आला. धाकटीनं नळाखाली हातपाय धुतले, जेवली, आडवी झाली. धाकटी गप्प बसली की घराला ताप आल्यासारखं वाटतं. बाबांनी दोनदा काहीतरी विनोद केला. दोन्ही वेळा त्यांना स्वतःलाच हसावं लागलं. थोरली अंगणात पिवळ्याचा चिखल धूत राहिली. चिखल निघून गेल्यावरही धूत राहिली.

सकाळी टायवाले आले. आज टाय लाल होता.

"मग? ठरलं?" बाबांनी विचारलं.

धाकटी खांबाला टेकून नखं बघत होती. थोरलीनं हात पुसले.

"निळा," ती म्हणाली.

बाबांच्या भुवया वर गेल्या. "परवापासून पिवळा पिवळा करून माझं डोकं उठवलंस ती तूच ना?"

"मीच. बागेतही निळा चालतो, पट्टीतही. परवा दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी चालवून बघितला. मला त्याच दिवशी कळलं होतं."

धाकटीनं नखांवरून नजर उचलली.

"आणि खडी?" बाबा म्हणाले.

"खडी घमेल्यानं. वर्षातून दोनदाच असते."

"आणि चालवणार कोण?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. रात्रभर तिनं त्याचं उत्तर तोंडात घोळवलं होतं. "तीच चालवेल. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे."

"हं," बाबा म्हणाले. हा 'हं' दोन्हींतला कुठला, ते थोरलीला ओळखता आलं नाही. पण ते म्हणताना त्यांनी तिच्याकडे बघितलं होतं, बागेकडे नाही.

धाकटी खांबापासून सुटली आणि निळ्यापाशी गेली. पाठमोरीच बोलली. "सीटखाली खटका आहे. दाबला की सीट मागेपुढे होते. कुणाचेही पाय पोचतात." मग थोडं थांबून, "घमेल्यानं खडी मी एकटी टाकणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"टाकू नकोस," थोरली म्हणाली.

माफ केलं असं कुणी म्हणालं नाही, आणि थोरलीनंही माफी मागितली नाही. ती पिवळा ट्रकवर चढवायला मदत करायला गेली.

मग म्हाताऱ्याची पाळी आली. ट्रकवाल्यानं त्याच्यावर बसून बघितलं. तो चालूच होईना. "ताई, तुम्हीच चढवा," तो म्हणाला. थोरली चढली, क्लच अर्धा दाबून किल्ली फिरवली, म्हातारा खाकरून सुरू झाला. तिनं तो फळ्यांवरून उलटा वर घेतला. एकदाही न अडता. खाली कोण बघतंय, हे बघायचं तिच्या मनात आलं नाही.

"काळजी करू नका हं," टायवाले फळ्या आत सरकवत म्हणाले, "हा काही भंगारात जात नाही. एका बाईंनी सांगून ठेवलाय. रोपवाटिका आहे त्यांची."

"कोण बाई?" थोरलीनं चटकन विचारलं.

"नवीनच आहेत. एकट्याच बघतात सगळं."

"येतो का त्यांना चालवता?"

"शिकतील की."

शिकतील. तिच्या पाठीमागचं पोतं काढून टाकतील, दुसरं काहीतरी ठेवतील. धुराला नाकं मुरडतील, मग हळूहळू मुरडेनाशा होतील. एखाद्या सकाळी तो पहिल्या किल्लीत सुरू होईल आणि त्या बाईंना वाटेल, आपलाच आहे हा. थोरलीला त्या न बघितलेल्या बाईचा इतका राग आला की तिचे कान तापले.

ट्रक सुरू झाला. फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागला.

"थांबा!" थोरली ओरडली आणि ट्रकमागे पळत सुटली. "अहो थांबा!"

ट्रकवाल्यानं करकचून थांबवला आणि खिडकीतून डोकं काढलं. "काय राहिलं?"

"उतारावर याचा ब्रेक जोरात दाबला की हा उजवीकडे ओढतो." तिला धाप लागली होती. "त्या बाईंना सांगा."

"बरं, सांगतो."

"बरं नाही. म्हणून दाखवा."

ट्रकवाल्यानं टायवाल्यांकडे बघितलं. टायवाल्यांनी खांदे उडवले. "उतारावर ब्रेक दाबला की उजवीकडे ओढतो," तो शाळेतल्या मुलासारखा म्हणाला.

"जोरात दाबला की."

"जोरात दाबला की."

"आणि त्यांच्याकडे तळं आहे का?"

"मला काय माहीत, ताई!"

"असेल तर काठानं आधी पायी चालून बघा म्हणावं. अनवाणी. कोरडं दिसलं तरी. हे विसरू नका, काहीही झालं तरी विसरू नका."

"नाही विसरत."

"जा आता."

ट्रक निघाला. वळणापर्यंत म्हाताऱ्याचं धुराचं नळकांडं ट्रकच्या कठड्यावरून डुगडुगताना दिसत होतं, मग झाडं आडवी आली. घराकडून निळ्याचा मऊ आवाज ऐकू यायला लागला होता. थोरलीनं हात हलवला नाही. तिचे दोन्ही तळहात ग्रीसनं काळे झाले होते, आणि ते कपड्यांना लागू नयेत म्हणून तिनं अंगापासून जरा दूर धरले होते. रस्त्यावरची धूळ पार खाली बसली तरी तसेच.